एक राऊंड, शिट्टी होईपर्यंत

टांगलेली वस्तू भंगारात जात नाही, हा शोध बादल्याला रविवारी सकाळी दात घासताना लागला.

आता बघा, भंगारवाला दारात आला की काय बघतो? जमिनीवर काय पडलंय ते. फुटकी बादली, गंजलेली सायकल, बिनझाकणाचा डबा. भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं बंद असलं तरी त्याला कुणी हात लावत नाही, कारण ते टांगलेलं असतं. म्हणजे दादाची बॅग वाचवायची तर ती जमिनीवरून उचलून टांगली पाहिजे. इतकं सोपं. (बादल्याची शाळा सातवीतच सुटली होती, पण डोकं चालायचं काही थांबलं नव्हतं. घरच्यांच्या मते सगळी गोची तिथेच होती.)

बॅग म्हणजे ठोसे मारायची बॅग. दादा बॉक्सर होता. जाड ताडपत्रीचं ते पोतं त्याने स्वतः शिवलं होतं आणि घरातले जुने कपडे कोंबून भरलं होतं. आतल्या खोलीत ते वर्षानुवर्षं लटकत होतं आणि दादा सकाळ-संध्याकाळ त्याला बडवत होता. चार महिन्यांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो मागे मागे येत होता आणि दादा त्याच्या मागे उभा होता. भल्याभल्यांचे ठोसे ज्याने नुसती मान हलवून चुकवले, त्याला हत्तीएवढा टेम्पो चुकवता आला नाही.

त्यानंतर दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, ती बॅग खाली उतरवली आणि छतातला हुकही कापून टाकला. 'आईंच्या डोळ्यांसमोर नको' म्हणाले. तेव्हापासून बॅग आतल्या खोलीत भिंतीला लागून आडवी पडली होती. लांबून बघितलं तर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलंय असं वाटायचं. आई ती खोली झाडायला जायची तेव्हा पावलं न वाजवता जायची.

आज दाजी त्या खोलीचं माप घ्यायला येणार होते. ते गाद्यांच्या दुकानात सेल्समन होते आणि दुकानातला जादा माल ठेवायला त्यांना जागा हवी होती. दुपारी भंगारवाल्यालाही बोलावलं होतं.

बादल्याने तोंड धुतलं आणि हुक शोधायला लागला. घरात हुक एकच. बाहेरच्या खोलीत, पंख्याचा.

मग त्याने पंखा काढला.

*

दाजी आणि ताई आले तेव्हा बाहेरच्या खोलीच्या मधोमध बॅग लटकत होती आणि पंखा सोफ्यावर आडवा झाला होता. दाजी बाहेरच्या उन्हातून आलेले. ते सवयीने सोफ्यावर बसले आणि तितक्याच वेगाने उठले.

"हे काय आहे?"

"पंखा," बादल्या म्हणाला.

"तो वर असतो ना?"

"वर जागा नाही."

दाजींनी वर बघितलं. मग ते जिथे बसले होते तिथे बघितलं. पंख्याचं एक पातं केळीच्या पानासारखं वाकलं होतं. ताईने तो उचलून दाराशी जमिनीवर ठेवला.

"अप्पा, तुम्ही याला काही बोलला नाहीत?" ताईने विचारलं.

"मी बातम्या ऐकत होतो," अप्पा म्हणाले. अप्पा निवृत्त झाल्यापासून बातम्याच ऐकत असत. घरात काहीही झालं की त्या वेळी ते बातम्या ऐकत असत.

"बादल्या," दाजी गादी विकतानाच्या आवाजात म्हणाले, "तुझं दुःख मला कळतं. पण ज्या खेळाने माणूस गेला, त्याचं सामान घरात टांगून ठेवायचं?"

झालं. पेटलं. हा वाद या घरात चार महिने चालू होता. तो जेवताना चालायचा, भांडी घासताना चालायचा आणि पाहुणे आले की त्यांनाही एकेक बाजू घ्यावी लागायची. एकदा गॅस सिलिंडर द्यायला आलेला माणूस दाजींच्या बाजूने अर्धा तास बोलून गेला होता.

"खेळाने नाही गेला. टेम्पोने गेला."

"टेम्पो हॉर्न वाजवत होता. साऱ्या गल्लीने ऐकला. त्याला का नाही ऐकू आला? चौदा वर्षं डोक्यावर ठोसे खाल्ले, कान गेले होते त्याचे."

"कान गेले होते? दादाचे?" बादल्या ताडकन उठला. "आईच्या कुकरची शिट्टी त्याला पार कोपऱ्यावरून ऐकू यायची! कोपऱ्यावरून पळत यायचा तो! विचारा आईला!"

आईला विचारायची सोय नव्हती. हे वाक्य आलं की आई उठून स्वयंपाकघरात जायची. दर वेळी. आताही गेली. (बादल्याला वाटायचं, आईला वाद आवडत नाही. बादल्याला पुष्कळ गोष्टी अशाच वाटायच्या.)

"बरं, कानाचं सोड," दाजी म्हणाले. "मला इतकंच सांग, त्यात एवढं मोठं काय आहे? दोन माणसं एकमेकांना मारतात. आमच्या दुकानात माल उतरवणारे हमाल याच्यापेक्षा जास्त कष्ट करतात. उगाच तुम्ही त्याला डोक्यावर घेतलात, म्हणून तो सोडू शकला नाही."

"तुम्ही तीन मिनिटं करून दाखवा."

"मी कशाला? माझी पाठ धरलेली आहे."

"गादी विकता ना?"

"म्हणूनच धरली आहे. तू कर की! तू तर रोज पाण्याचे जार उचलून चार-चार मजले चढतोस. तू कर तीन मिनिटं. न थांबता. टिकलास तर बॅग इथे राहील, मी पुन्हा तिचं नाव काढणार नाही."

"ठरलं!" बादल्या म्हणाला. विचार करायला जो वेळ लागतो तो त्याने आयुष्यात कधी घेतला नव्हता.

"थांब, पुरतं ऐक." दाजी हसले. "तू टिकलास, तर ते सोपं आहे असं ठरलं की नाही? जो माणूस कोपऱ्यात बादली धरून उभा राहण्यापलीकडे काही शिकला नाही, त्यालाही जमतं म्हणजे सोपंच. मग माझंच खरं."

"आणि नाही टिकलो तर?"

"तर कठीण. मग तुझं खरं. चारचौघांत मान्य करीन. आणि बॅग भंगारात."

दाजी गिऱ्हाइकाला कडक गादी नको असली तर मऊ दाखवायचे आणि मऊ नको असली तर कडक, पण बिल दोन्हीकडून दाजीच फाडायचे. बॅग ठेवायची तर दादाने जे जन्मभर केलं ते कुणालाही जमण्यासारखं होतं हे दाखवून द्यायचं. आणि दादाचा मान ठेवायचा तर बॅग गमवायची.

"पेच आहे," अप्पा रेडिओ बंद करत म्हणाले. ते प्रथमच बातम्या अर्धवट सोडत होते.

*

बादल्या हे नाव त्याला दादामुळेच पडलं. रिंगच्या कोपऱ्यात स्टूल, टॉवेल आणि पाण्याची बादली घेऊन जो उभा असतो, तो बादल्या. घंटा झाली की दोरांखालून स्टूल आत सरकवायचं, दादाला बसवायचं, पाणी पाजायचं, मान पुसायची आणि सांगायचं, "हात वर ठेव रे! काय झालंय तुला? हात वर!" पुन्हा घंटा झाली की स्टूल ओढून घ्यायचं. त्याचं बॉक्सिंग इतकंच. हातमोजे त्याने कधी घातले नव्हते. दादा घालू द्यायचाच नाही. म्हणायचा, "तू बादलीला हात लाव. याला नाही. घरात एक पुरे."

ते हातमोजे आतल्या खोलीत खिळ्याला टांगलेले होते. बादल्याने ते आणले. डावा सहज गेला. उजव्यात बोटांच्या टोकाशी काहीतरी कडक लागत होतं. त्याला वाटलं, दादाच्या मुठीचा आकार आत बसलाय. तो काही बोलला नाही. दाजी बघत होते. ताईने नाड्या आवळून बांधल्या.

"मोबाईलवर तीन मिनिटं लावतो," दाजी म्हणाले.

"मोबाईल नको!" बादल्या ओरडला. "दादाचा राऊंड आईच्या शिट्टीवर व्हायचा."

हे खरं होतं. आईने बटाट्यांचा कुकर चढवला की आतल्या खोलीत धपाधप सुरू व्हायचं आणि शिट्टी झाली की थांबायचं. तीन मिनिटांच्या जागी चार झाली, पाच झाली, तरी दादा म्हणायचा, "आईचा राऊंड लांब असतो. तेवढा टिकलो तर बाहेरचा काय, खेळच आहे."

"आई, कुकर चढव गं!" ताईने आत हाक मारली.

आतून आई काहीतरी म्हणाली. पण बाहेर तोवर बॅगेला मिठी मारणं नियमात बसतं की नाही यावर वाद चालू झाला होता. वादाच्या घरात आईचं ऐकू येत नाही. थोड्या वेळाने गॅस पेटल्याचा आवाज आला.

"चला!" अप्पांनी टाळी वाजवली.

*

सुरुवात झकास झाली. बादल्याने असे काही ठोसे हाणले की दाजी एक पाऊल मागे सरकले. ताईच्या तोंडून 'अगंबाई' निघालं. बादल्याला वाटलं, अरे, हे तर येतं आपल्याला. उगाच आयुष्य बादलीत घातलं.

मग बॅग परत आली.

जार उचलण्यात आणि यात फरक हा की जार परत येत नाही. जार खांद्यावर घेतला, पायऱ्या चढलो, ठेवला, विषय संपला. बॅग मारली की ती मागे जायची, विचार करायची आणि आपलं वजन घेऊन थेट छातीवर यायची. पुढचा ठोसा बादल्याने तिला मारला की तिने त्याला, हे अप्पांनाही सांगता आलं नाही.

"डावा कुठाय?" अप्पा सोफ्याच्या कडेवर आले होते. "नुसता उजवाच चालवतोस! डावा पुढे! दादा कायम डाव्याने सुरुवात करायचा!"

डावा कुठे होता हे बादल्यालाही ठाऊक नव्हतं. खांद्यापासून खाली काहीतरी लोंबत होतं, तोच असावा. उजवा मात्र पुरेपूर जाणवत होता. प्रत्येक ठोशाला बोटांत अशी कळ जायची की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आत दादाच्या मुठीचा आकार नव्हता, दादाची मूठच होती असं वाटत होतं. पंखा नसल्याने खोली भट्टीसारखी तापली होती. घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात नव्हते, दोन उशा होत्या.

बादल्या मनात म्हणाला, इतकं दुखतं? आणि हा माणूस इतकं सोसून घरी यायचा आणि विचारायचा, "जेवायला काय आहे?"

"हात वर ठेव रे!" दाजी म्हणाले. "काय झालंय तुला?"

हे वाक्य बादल्याने दादाला किती वेळा ऐकवलं होतं! टॉवेल खांद्यावर टाकून, कोरड्या अंगाने, ताज्या दमाने. ज्याला श्वास घेता येत नाहीये त्याला 'हात वर ठेव' म्हणणं म्हणजे काय, हे त्याला आता कळत होतं. आणि दादाने एकदाही त्याला उलट शिवी दिली नव्हती. नुसती मान हलवायचा आणि उठायचा.

"शिट्टी... झाली?"

"नाही."

"नक्की?"

"मार तू!" अप्पा म्हणाले. "शिट्टीचं आम्ही बघतो!"

पण शिट्टी काही होईना. स्वयंपाकघरातून नुसता फुस्स आवाज येत होता. बादल्याच्या कानांत तर त्याचं स्वतःचं काळीजच ढोल बडवत होतं. एव्हाना दाजींनी घड्याळात बघितलं होतं. तीन मिनिटं केव्हाच उलटली होती. ते घसा खाकरून म्हणाले, "मला वाटतं, पुरे आता."

"शिट्टी!" बादल्या ओरडला.

"अरे पण..."

"शिट्टी होऊ दे!"

त्याच्या पायांतला जीव गेला आणि त्याने बॅगेला मिठी मारली. "चालतं, चालतं!" अप्पा ओरडले. "मोठे मोठे बॉक्सर करतात!" बादल्याने तोंड ताडपत्रीत खुपसलं. तिला वास होता. कपाटात ठेवलेल्या कपड्यांचा, साबणाचा आणि दादाच्या मानेचा. स्टुलावर बसलेल्या दादाची मान पुसताना येणारा तो वास. बादल्या तसाच उभा राहिला. तोंडावरून जे ओघळत होतं तो सगळा घामच असेल असं बाकीच्यांनी धरून चाललं.

मग तो मागे सरला आणि त्याने मारायला सुरुवात केली. आता त्यात ना डावा होता ना उजवा. टेम्पोला मारलं, टेम्पोच्या हॉर्नला मारलं, 'कान गेले होते' ला मारलं, 'काय एवढं मोठं' ला मारलं. "दादा!" असं ओरडून त्याने शेवटचा उजवा घातला तेव्हा वर कुठेतरी काहीतरी कडकडलं.

पंख्याचा हुक छताचा ओंजळभर तुकडा घेऊन खाली आला. बॅग धप्पकन पडली, शिवण उसवली आणि प्लास्टरच्या ढगात घरातल्या माणसांचे कपडे बाहेर सांडले.

*

ढग खाली बसायला वेळ लागला. अप्पांचा चष्मा कुठेतरी उडाला होता. बादल्या जमिनीवर बसून हवा गिळत होता.

"हा माझा स्वेटर," ताई म्हणाली. "शाळेतला. हा हरवला म्हणून मी मार खाल्ला होता."

"ही माझी कामावरची पँट," अप्पा चाचपडत म्हणाले. "मी बसमध्ये विसरलो असं तुझी आई मला पाच वर्षं ऐकवत होती."

बादल्याचा शाईच्या डागांचा शर्ट निघाला. आईची एक जुनी शाल निघाली. आणि सगळ्यात खालून एक कोट निघाला. करडा, भारी कापडाचा.

दाजींनी तो हातात घेतला. "हा माझा लग्नातला कोट आहे."

त्या कोटापायी दाजींनी एका लॉण्ड्रीवाल्याशी इतकं भांडण केलं होतं की आजही त्या रस्त्याने जायचं ते टाळत.

"म्हणजे," दाजी हळूहळू म्हणाले, "इतकी वर्षं तो मला मारत होता?"

"सगळ्यांनाच," ताई म्हणाली.

सगळ्यांनाच. फक्त दादाचं स्वतःचं काही त्यात नव्हतं. त्याच्याकडे जादा कपडे कधी नव्हतेच.

तेवढ्यात आई आतल्या खोलीतून बाहेर आली. इतका वेळ ती तिथे काहीतरी शोधत होती. तिने पडलेलं छत बघितलं नाही, कपडे बघितले नाहीत.

"त्याचे हातमोजे कुठे गेले? खिळ्यावर नाहीत."

"माझ्या हातात आहेत," बादल्या म्हणाला.

आईने त्याच्याकडे बघितलं. "उजवा काढ."

तो निघेना. हात आत फुगून घट्ट बसला होता. दाजींनी मनगट धरलं, अप्पांनी मोजा धरला आणि बादल्याने बोंब धरली. शेवटी मोजा निघाला आणि त्यातून काहीतरी जड खाली पडलं. टण्ण. घरंगळत ते दाजींच्या पायापाशी जाऊन थांबलं.

कुकरची शिट्टी.

स्वयंपाकघरातून बटाटे करपल्याचा वास येत होता. कुकरवर नुसतं झाकण होतं आणि आतलं पाणी वाफ होऊन केव्हाच निघून गेलं होतं. बादल्या ज्या शिट्टीची वाट बघत होता, ती पहिल्या ठोशापासून त्याच्याच मुठीत होती.

"मी सांगितलं होतं शिट्टी नाही म्हणून," आई म्हणाली. "कुणी ऐकलं नाही."

"पण ती त्या मोज्यात कशाला ठेवलीस?" ताईने विचारलं. "आणि इतके दिवस तू..."

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. चार महिने या घरात शिट्टी वाजली नव्हती. चार महिने ते कच्चे बटाटे खात होते आणि भाजीवाल्याला शिव्या घालत होते.

आई सोफ्यावर बसली. "तुम्ही म्हणता बॉक्सिंगने गेला. हा म्हणतो टेम्पोने गेला. रोज रोज. मी काय बोलू?" तिने बादल्याकडे बघितलं. "तूच सांगतोस ना, त्याला कोपऱ्यावरून ऐकू यायची म्हणून? त्या दिवशी कुकर लावलेला होता. शिट्टी वाजली तेव्हा तो कोपऱ्यावरच असणार. वाजली आणि तो वळला. तोंड घराकडे, पाठ टेम्पोकडे."

चार महिने ज्या वाक्याने बादल्या दादाची बाजू लढवत होता, त्याचा प्रत्येक ठोसा आईला लागत होता. तो बादलीवाला. कोण कुठे मार खातंय हे बघणं, एवढंच त्याचं काम होतं.

"वाजलीच नव्हती," अप्पा म्हणाले.

"काय?"

"शिट्टी. त्या दिवशी वाजली नव्हती. तू कपडे वाळत घालायला वर गेली होतीस. मी गॅस बंद केला. बातम्या लागल्या होत्या."

"मी ऐकली."

"शेजारची ऐकली असशील. अख्ख्या इमारतीत कुकर आपल्याकडेच आहे का?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. अप्पा खोटं बोलताना चष्मा पुसतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण चष्मा त्या वेळी प्लास्टरच्या ढिगात कुठेतरी पडला होता, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

मग आईने खाली वाकून शिट्टी उचलली, पदराला पुसली आणि ती स्वयंपाकघरात गेली. करपलेला कुकर घासायला लागल्याचा आवाज आला.

*

भंगारवाला आला तेव्हा घरात निकालावर वाद चालू होता.

"तीन मिनिटांच्या वर टिकला," ताई म्हणाली. "बॅग राहणार."

"शिट्टी झालीच नाही, म्हणजे राऊंड संपलेलाच नाही," अप्पा म्हणाले. "निकाल लावताच येत नाही."

"आणि मोज्यात लोखंड होतं," दाजी म्हणाले. "तो बाद आहे." पण हे म्हणताना ते कोट घालून बघत होते. कोटाचं बटण पोटाच्या अलीकडेच थांबलं.

भंगारवाल्याने कपड्यांच्या ढिगाकडे बघितलं. "चिंध्या घेत नाही." मग त्याची नजर दाराशी गेली. "तो वाकडा पंखा मात्र देऊन टाका."

पंखा जमिनीवर पडला होता. पंखा गेला. बादल्याचा सकाळचा शोध अगदी बिनचूक होता.

दाजींनी कोट काढला. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग खाली बसून फाटलेल्या पोत्यात, अगदी तळाशी, तो नीट दाबून बसवला.

"तळाला भारी कापड लागतं," कुणाकडेही न बघता ते म्हणाले. "आधार राहतो. दुकानात गादी शिवायची मोठी सुई आहे, ती उद्या घेऊन येतो. आणि तू बादल्या... ते कठीण आहे. मी मान्य करतो. चारचौघांत."

"चौघं आहेत कुठे? आपणच आहोत."

"मग आपल्यात."

दवाखान्यात कंपाउंडरने बादल्याचा हात बघितला. दोन बोटं वांग्यासारखी झाली होती.

"कशाने लागलं?"

"बॉक्सिंग," बादल्या म्हणाला. हा शब्द स्वतःबद्दल त्याने जन्मात पहिल्यांदा वापरला होता.

"समोर कोण होतं?"

"समोर असं कुणी नव्हतं. कुकरची शिट्टी होती."

कंपाउंडरने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "स्वयंपाक करताना लागलेला पेशंट आलाय!"

*

संध्याकाळी आईने पुन्हा कुकर चढवला. ताई कपडे पोत्यात भरत होती, दाजी पुठ्ठा घेऊन सगळ्यांना वारा घालत होते. बादल्या उजवा हात गळ्यात बांधून भिंतीला टेकून बसला होता.

आणि शिट्टी झाली. लांब, कर्कश, भिंती हलवणारी.

काय होतंय हे कळायच्या आत बादल्या उठला होता. डाव्या हाताने त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, खोलीच्या मधोमध ठेवलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला.

स्टूल रिकामं होतं.

दाजींचा पुठ्ठा थांबला. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. बादल्या तांब्या धरून तसाच उभा. आता तो खालीही ठेवता येईना आणि कुणाला देताही येईना.

अप्पा उठले. चष्मा सापडला होता, पण एक काच तडकलेली. त्यांनी बादल्याच्या हातातून तांब्या घेतला, अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि स्टूल हलतं का ते हाताने दाबून बघितलं. मग मान वर केली. स्टुलाच्या बरोबर वर, हुकाच्या जागी, छताला ओंजळभर भोक पडलं होतं.

"स्टूल आणलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "चढ. सिमेंट मी कालवतो."

"अप्पा! माझा हात मोडलाय!"

"उजवा मोडलाय," अप्पा म्हणाले. "बॉक्सर डाव्यानेच सुरुवात करतात."